शुल्काआधी आलेले कापड

परदेशी कापडावरचे आयात शुल्क वाढल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. शेजारचे लूममालक काका माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "खा गं बाय, आता तुज्या गोदामाला टालं लागतंय!" सगळे हसले. मीही हसले.

मी जवळच्याच वळ गावातल्या एका गोदामात साठ्याचे विश्लेषण करते, शिक्षण संख्याशास्त्राचे. त्या गोदामात आयात कापड येते. बाबांचे गल्लीत बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. आमच्या घरातल्या एका उत्पन्नाच्या वाढीचे कारण दुसऱ्याच्या घटीचेही कारण होते. आई गेल्यापासून जेवायला आम्ही दोघेच, आणि हा विषय दोघेही टाळत असू.

शुक्रवारी लूम बंद ठेवायचे, यंत्रांना तेल द्यायचे, हा इथला रिवाज. पेढ्यांनंतरच्या शुक्रवारी मात्र सगळी गल्ली खडखडत होती. बाहेरचे कापड महागले की व्यापारी आपल्याकडेच येणार, तेव्हा कापडाचे ताके तयार हवेत, असा हिशेब. पाठ्यपुस्तकही जवळपास हेच सांगते: शुल्कामुळे गिऱ्हाइकाला जास्त मोजावे लागते आणि देशी उत्पादकाला लाभ होतो. त्यात गृहीत असते की, शुल्काची चाहूल कुणालाही आधी लागलेली नाही. माझ्या गोदामात मात्र छतापर्यंत रोल रचलेले होते. आयातदारांनी ते जुन्या दराने आधीच आणून ठेवले होते.

रात्री जेवताना मी म्हटले, "बाबा, व्यापारी इतक्यात येणार नाहीत. त्यांचा माल आमच्याकडे पडून आहे."

"तू तुजं गोदाम बघ, मी माजा धंदा बघतो," बाबा म्हणाले. "भाकरी घे."

दोन महिने कुणी आले नाही. शेडमध्ये ताक्यांची चळत माझ्या खांद्याच्या वर गेली. मग एका शुक्रवारी लूम पुन्हा बंद राहिले आणि बाबांनी विचारले, "किती दिस पुरंल त्ये तुज्या गोदामातलं कापड? नीट सांग."

"दिवाळीपर्यंत," मी म्हटले.

तो आकडा माझ्या एका गोदामावरून काढलेला होता. आसपासच्या शेकडो गोदामांत काय आहे, हे मला ठाऊक नव्हते. अहवालात मी अंदाज चुकण्याची शक्यता नोंदवली असती. बाबांना सांगितली नाही. माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारले होते, आणि मला ठाम दिसायचे होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आठ लूम भंगारात काढले. "दिवालीपरयंत बारा पोसायला जमत न्हाय," एवढेच म्हणाले. शेडच्या जमिनीवर आता आठ काळे चौकोन उरले आहेत. बाबा त्यांवर पाय न ठेवता कडेने चालतात.

तेव्हापासून रोज सकाळी मी सर्वांत आधी त्या कापडाचा साठा पाहते. गेल्या आठवड्यापासून तो माझ्या अंदाजापेक्षा वेगाने उतरतो आहे. माझे वरिष्ठ त्यावर खूश आहेत. शेजारच्या काकांनी बाराही लूम ठेवले आहेत. कापड दिवाळीआधी संपले, तर बाबांचे आठ लूम माझ्या एका शब्दावर गेले असे ठरेल. म्हणून ते कापड टिकावे असे मला वाटते. म्हणजेच, आमच्या उरलेल्या चार लूमना तोवर काम मिळू नये, असे मला वाटते. हे ज्याला सांगावे असा माणूस ना गोदामात आहे, ना गल्लीत.

"हाय का अजून?" बाबा जेवताना विचारतात.

"आहे," मी म्हणते, आणि त्यांच्या ताटात वाढते.