हॉलमधला कापूस

जळगावात स्वतःचं घर बांधलं की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली. हॉलला आरशासारखी फरशी, समोर मोठी काच, मध्ये काचेचं टेबल. सतरंजीसुद्धा घालू दिली नाही, कारण फरशी दिसली पाहिजे. त्या हॉलमध्ये मी छातीएवढे दोन स्पीकर आणून उभे केले आणि आबांचा जुना टेप भंगारात दिला.

आबा म्हणजे माझे वडील. एरंडोलजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर भजनी मंडळात टाळ वाजवला. मंडळाची एक कॅसेट होती. ती मी पेनड्राइव्हवर करून घेतली आणि मोठ्या ऐटीत आबांना समोर बसवलं. टाळ सुरू झाले आणि वाटलं, कोणी स्टीलच्या ताटल्या फरशीवर आपटतंय. आबा दोन अभंग बसले. मग उठले. "कानमा टोचस रे," एवढंच म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून ते हॉलमध्ये यायचेच थांबले. रोज संध्याकाळी टेपसमोर बसून मांडीवर बोटांनी ठेका धरणारा माणूस आता रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचा. याचं मला फार वाईट वाटायचं.

ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, कमी करून पाहिली, तर कॅसेटमधले बुवा गोधडीत तोंड घालून गायला लागले. मग भुसावळहून एक जाणकार बोलावले. जाणकार कसले, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले गृहस्थ. डोळे मिटून ऐकायचे, मान डोलवायचे आणि दर वेळी वायर बदलायला सांगायचे. तिसरी वायर नळीएवढी जाड होती. तिच्यातला आवाज पिकायला दोन महिने लागतात म्हणे. आमच्याकडे केळी पिकवतात, आवाज पिकवणारा हा पहिलाच. आणि मी त्यांच्याहून मोठा गाढव, कारण मी वाट पाहत बसलो.

त्यातच गावच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं जुनं छत, नवं घालायला उकरलं आणि धाकटा भाऊ पिकअप भरून कापूस घेऊन दारात उभा राहिला. जुन्या लुगड्यांत बांधलेली चांगली मोठी गाठोडी त्याने हॉलच्या भिंतींना लावून छातीएवढी रचली.

"हे गोडाऊन आहे का?" मी विचारलं.

"घरवर छतच नही शे, भाऊ. पंधरा दिनमा लई जासू."

घरभर कापसाचे तंतू उडायला लागले, अंगाला खाज सुटली, बायको बोलेनाशी झाली. पाहुणे आले की मी गाठोड्यांवर चादर टाकायचो. आपण कापसाच्या घरातले आहोत, याची मला त्या फरशीवर लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी वैतागून सिस्टीम लावली. टाळ वाजले, आणि ते टाळच होते. गोल, एकेक ठोका वेगळा. आबा पायरीवरून उठून आत आले, एका गाठोड्याला टेकून बसले आणि त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. पूर्ण भजन संपेपर्यंत ते उठले नाहीत.

रविवारी जाणकार आले. त्यांनी डोळे मिटले, मान डोलवली. "वायर पिकली," म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा. वर, "हा कचरा काढा, अजून खुलेल," हेही ऐकवलं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

पंधरा दिवसांनी भावाने कापूस भरायला घेतला. शेवटचं गाठोडं गेलं आणि मी हळूच सिस्टीम लावून पाहिली. ताटल्या आपटायला लागल्या. आबा उठले आणि चपला शोधू लागले. मी धावत बाहेर गेलो आणि पिकअपचा फाळका धरला.

"पाच-सहा गाठोडी राहू दे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "गोडाऊन शे का?" म्हणाला, आणि स्वतःच खांद्यावर घेऊन सहा गाठोडी परत आत आणून ठेवली.

ती भिंतीला लावून मी रिमोट हातात धरून स्पीकरजवळ उभा राहिलो. आवाज बरोबर येतो का, आबा उठतात का, हे बघत. आबा गाठोड्याला टेकले. थोड्या वेळाने डोळे न उघडता म्हणाले, "आते तू बी बस ना जरासा."

मी खाली बसलो. इतक्या महिन्यांत एकही अभंग मी बसून ऐकला नव्हता. यातला तुमचा टाळ कोणता, हे मी आबांना त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.