शेवटच्या पानावरचं उणे

उणेबाईंच्या हातात खडूपेक्षा स्टेपलर जास्त वेळ असायचा. वर्ष सुरू झालं की त्या सातवीची गणिताची पुस्तकं गोळा करायच्या आणि शेवटची चार पानं, जिथे उत्तरं छापलेली असतात, ती कडेने पिना मारून बंद करून टाकायच्या. एका बापाने मुख्याध्यापकांसमोर पुस्तक आपटून विचारलं होतं, “पुस्तक आम्ही घेतलंय, मग पानं तुमच्या मालकीची कशी?” बाई शांतपणे म्हणाल्या, “पुस्तक तुमचंच आहे. उत्तर तेवढं मुलीचं असू द्या.”

मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सव्वीस वर्षं बसलो. मी भाषा शिकवायचो. सहावीपर्यंत नुसते आकडे असतात, तोवर मुलांचं बरं चाललेलं असतं. सातवीत गणितात अक्षरं घुसतात आणि पोरं अडखळायला लागतात. “आमची अक्षरं पळवता, म्हणून ही वेळ येते,” असं मी बाईंना चिडवायचो. त्या हसायच्या, पण तपासत असलेल्या वहीवरून नजर काढायच्या नाहीत.

शाळा भरण्याआधी पाऊण तास त्या मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसत. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली, डुगडुगणारी स्टुलं, नीट न लागणारी खिडकी. फळ्यावर चुकीची फुली कधी नसायची. “कसं केलंस ते सांग,” एवढंच विचारायच्या आणि मूल सांगत असताना मधे तोंड उघडायच्या नाहीत. मग म्हणायच्या, “आता तुझं उत्तर क्षच्या जागी बसवून बघ. बसतंय?” हा त्यांचा ताळा. बहुतेक वेळा कुठेतरी उणे चिन्ह गळलेलं असायचं. “उणे कुठे गेलं गं?” हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा. नाव पडायला आणखी काय लागतं?

एकदा त्यांनी विचारलं, संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की तिचं चिन्ह का बदलतं? एक मुलगी ताडकन उठून म्हणाली, “पलीकडे गेलं की बदलतंच, बाई. आमचा दादा नाही का लग्नानंतर वहिनीच्या बाजूला गेला!” बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करून दाखवली, ती मुलगी “अस्सं होय!” म्हणेपर्यंत.

त्या खोलीत एका शब्दाला बंदी होती. ‘सोपं.’ कुणीही म्हटलं, की त्याने फळा पुसायचा. मला ते थेर वाटायचे.

म्हणून मी एक आगाऊपणा केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी एक मुलगी जिन्यात रडत बसलेली दिसली. मी तिच्या पुस्तकाच्या पिना काढल्या आणि म्हटलं, “उत्तर बघून घे एकदा. सोपं तर आहे.” बाईंना कळलं. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही फुगून बसलो होतो. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही.

“माझी लेक बारा वर्षांची होती,” त्या म्हणाल्या. “शाळा वेगळी, पुस्तक हेच. पाच वजा दोन क्ष बरोबर एकोणीस. मी भाजी चिरत होते. ती वही घेऊन आली. उत्तर उणे सात. मी ओल्या हाताने शेवटचं पान उघडलं. तिथे सात. म्हटलं, चुकलंय, सोपं आहे, परत कर. परत उणे सात. तिसऱ्यांदा खोडून खोडून कागद फाटला. म्हणाली, आई, तू करून बघ ना. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मग तिने सात लिहून आणलं, आणि मी तिला शाब्बास म्हटलं.”

मी मनात करून बघितलं. मला वेळ लागला, पण उणे सातच आलं.

“दुसऱ्या दिवशी वर्गात हेच गणित फळ्यावर सोडवलं, तेव्हा कळलं. छपाईत उणे गळलं होतं. चाळीस मुलांना पेनाने दुरुस्त करायला लावलं. बाकांमधून फिरून प्रत्येकाचं पान बघितलं. लेकीला संध्याकाळी सांगणार होते. त्या संध्याकाळी पाहुणे आले. मग तिची परीक्षा आली. मग तिने वही दाखवणंच बंद केलं, आणि मग कुठल्या तोंडाने सांगायचं?”

लेक कशीबशी शाळेतून बाहेर पडली. दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायला लागली. दिवसभर मापं, पाव-अर्धा-पाऊण, सगळं तोंडी. तिला गणित येत होतं, ते आईनेच तिला सांगायचं राहिलं होतं.

“अहो, मग एक फोन करा,” मी म्हटलं. “त्यात काय, सोपं…”

“सर,” बाई म्हणाल्या, “तो शब्द नको.”

त्यानंतर अकरा वर्षं गेली. दोघंही निवृत्त झालो. बाई आजारी पडल्या, मी रविवारी जाऊन बसायचो. लेकीचा फोन रविवारीच यायचा. मी समोर असतानाही यायचा. बाई विचारायच्या, “जेवलीस का?” मग जरा वेळ नुसता फोन कानाला. मी हवेत बोटाने आडवी रेघ मारून दाखवायचो, सांगा म्हणून. त्या मान हलवायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, “बाई, किती दिवस आहेत हातात?” त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी नक्की.” गुरुवारी त्या गेल्या. मला अजून राग येतो. त्यांचा की माझा, ते मला सांगता येणार नाही.

लेक घर आवरायला आली, तेव्हा मी मदतीला गेलो. पन्नाशीकडे झुकलेली बाई, आईसारखीच ओठ दाबून काम करणारी. कपाटात तिचं सातवीचं गणिताचं पुस्तक निघालं, खाकी कव्हर घातलेलं. शेवटची पानं तिन्ही बाजूंनी पिना मारून बंद.

“हे तर आईने शिवूनच टाकलंय,” ती म्हणाली. पान न फाडता नखाने एकेक पिन काढली. आत, सातच्या अलीकडे, लाल शाईचं उणे होतं. इतक्या वेळा गिरवलेलं, की मागच्या पानावर उमटलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. भाजी, ओला हात, चाळीस मुलं. ती ऐकत राहिली.

“मला माहीत होतं, सर,” ती म्हणाली. “आमच्या शाळेतल्या बाईंनी चार दिवसांनी वर्गात सांगितलं होतं. सगळ्यांनी दुरुस्त केलं, मी नाही केलं. आईने बघावं म्हणून हेच पान उघडून टेबलावर ठेवायचे. ती पुस्तक मिटून दप्तरात घालायची.”

तिने पिना मुठीत गोळा केल्या.

“फोनवर ती विचारायची, जेवलीस का. मी हो म्हटलं, की जरा थांबायची. दर वेळी वाटायचं, आता सांगेल. मी पण काही बोलायचे नाही, मधे बोललं तर राहून जाईल म्हणून. मग ती म्हणायची, बरं, ठेवते.”