पिंपळाखालच्या पोथ्या

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत गेटजवळ एक पिंपळ आहे. घर बदलणारे लोक घरातल्या जुन्या पोथ्या त्याच्या बुंध्याशी आणून ठेवतात. त्या कचऱ्यात टाकवत नाहीत आणि नव्या घरात नको असतात.

समोरच्या फ्लॅटमधले काका रोज दूध घेऊन येताना तिथे वाकतात. कंबर धरूनच वाकतात. सुटी पानं गोळा करतात, खिशातली सुतळी काढून पोथी बांधतात आणि रविवारी खाडीत सोडून येतात.

त्यांचं वाक्य ठरलेलं आहे. "ग्रंथ म्हणजे काय, माहितीय ना? गुंफलेला, बांधलेला. पूर्वी पानं दोऱ्यात ओवायचे. दोरा सुटला की ग्रंथ संपला, उरली नुसती पानं." लिफ्टमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की मी आताशा फक्त मान हलवतो.

परवा त्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. बॅगा गाडीत भरून झाल्या तरी काका छातीशी लाल फडकं धरून उभे होते. त्यात त्यांच्या वडिलांची पोथी होती.

"बाबा, बोललो ना, तिकडे खरंच जागा नाहीये," मुलगा थकल्यासारखा म्हणाला.

काका पिंपळाशी गेले. फडकं सोडलं, मग पोथीचा दोराही सोडला आणि पानं बुंध्याशी ठेवली. मी शेजारीच होतो.

"आता नुसती पानं आहेत," ते म्हणाले.

मी नेहमीसारखी मान हलवली.