तेरावी गाठ

माझ्या मोठ्या भावानं पुण्याला वॉचमन म्हणून जाऊ नये, एवढ्यासाठी मी मासे शोधायचं मशीन मागवलं होतं. त्याला मात्र सांगितलं, "सहज मागवलंय, बघू तर खरं." दादा नुसता हसला. तो असा हसला की समजावं, याला सगळं कळलेलं आहे.

आमचं गाव चुडाव्यापासून थोडं आत, गोदावरीच्या काठावर. आम्ही भोई. मी चार बुकं शिकून मानवतला एका शाळेत लिपिक झालो आणि नदी दादावर सोडून दिली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, होते तोवर त्याचं काही वाटलं नाही. ते गेले आणि दोन वर्षांत जाळी रिकामी यायला लागली. गावातला एकजण पुण्यात मोठ्या सोसायटीच्या गेटवर होता, त्यानं दादासाठी जागा बघून ठेवली. दादा म्हणाला, "हा हंगाम बघतो. न्हाईतर जातो."

तो गेला तर मी सुट्टीत कुणाकडे यायचं, हा माझा स्वार्थ होता. माय होती, घर होतं, पण मला होडी घेऊन पाण्यात गेलेला भाऊ पाहिजे होता. काठावर उभं राहून हाक मारली की ज्याची पाण्यातून हाक येते, असं माझं या जगात ते एकच माणूस उरलं होतं.

गावासमोर नदीत डोह आहे. अण्णांची एक दोरी होती, तिच्या टोकाला फुटका वरवंटा बांधलेला आणि हाताहाताच्या अंतरावर गाठी. वरवंटा डोहात सोडला की बारा गाठी पाण्यात जायच्या आणि तेरावी अण्णांच्या मुठीत कोरडी राहायची. अण्णा ती मूठ मला दाखवायचे, जशी काही ती त्यांची कमाई होती. "बारा हात," ते म्हणायचे. गावात डोहाचं नावच बारा हात पडलं होतं. तळाशी कुठं कपार आहे, वाम कुठं बसते, शिंगाडा मासा कुठून वर येतो, हे त्यांना त्या दोरीवरून कळायचं.

अण्णा गेल्यावर दोरी आढ्याला टांगली गेली. दादानं ती कधी खाली घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अण्णांनी मोजलंय ना? मग आपण परत कशाला मोजायचं?" आमच्यात हे असंच असतं. वडिलांनी मोजलेलं पुन्हा मोजणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं.

मशीन आलं तेव्हा होडी काठावर पालथी होती. हंगामाआधी तिला दरवर्षी डांबर लावतात. डांबराचा डबा तीन दगडांवर तापत होता आणि मी माहितीपत्रक हातात घेऊन मास्तरकी करत होतो. पडद्याचं काही अवघड नव्हतं. खरं काम होतं ट्रान्सड्यूसर बसवायचं. मुठीएवढी काळी वस्तू, तिची सपाट बाजू सरळ तळाकडे बघत राहिली पाहिजे. ती पाण्यात आवाज सोडते आणि परत आलेला आवाज ऐकून खोली सांगते. मी हे समजावल्यावर दादा म्हणाला, "म्हणजे कान हाय म्हण की." तेव्हापासून तो कानच.

चित्रात होडीच्या मागच्या फळीला पाण्याखाली भोकं पाडून तो बसवला होता. मी ड्रिल घेऊन पुढं झालो, तर दादानं माझं मनगट धरलं.

"पाण्याखाली भोक पाडायचं न्हाई. अण्णांची होडी हाय."

"दोन स्क्रूची भोकं, दादा. वरून पॅकिंग लावू."

"न्हाई म्हणलं ना."

मी बराच वेळ वाद घातला. मी शिकलेला असल्यामुळं मला वाद लवकर सुचतो. दादानं ऐकून घेतलं आणि बाभळीची एक पट्टी तासायला बसला. ती त्यानं मागच्या फळीच्या वरच्या काठाला, पाणी लागत नाही तिथं, दोन बोल्टांनी आवळली. पट्टी खाली होडीच्या बुडाच्या बोटभर पलीकडं गेली. तिच्या टोकाला कान बसला. मी मोबाईलमधलं लेव्हल लावून बघितलं, तर दादानं नुसत्या नजरेनं लावलेलं अगदी बरोबर होतं. वायर त्यानं जाळ्याच्या सुतानं दर वितीवर बांधली, कुठं अडकू नये म्हणून. मोटरसायकलची जुनी बॅटरी फळीखाली ठेवली. काम झाल्यावर आम्ही दोघं चहाला घरी गेलो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात घातली. पडदा लागला आणि त्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. मी सगळी बटणं दाबली, वायर हलवली. शेवटी मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, सेन्सरवर रंग वगैरे लागलाय का? मी तिला चांगलंच सुनावलं, की मी माहितीपत्रक दोनदा वाचलेला माणूस आहे.

दादानं वाकून हात पाण्यात घातला आणि चाचपला. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याला डांबर लागलंय."

माय काठावरच बसली होती. आमच्या घरी होडीला शेवटचा हात तिचा असतो, तिचं लग्न झाल्यापासून. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात ती डब्याकडं गेली होती.

"मीच लावलंय," ती काठावरून म्हणाली. "पाण्यात ऱ्हायची वस्तू. डांबराबिगर सोडू व्हय? कुजंल की."

दादा आधी हसला, मग मी. होडी हलायला लागली इतके हसलो. अण्णा गेल्यापासून आम्ही दोघं असे हसलो नव्हतो, आणि ते हसताना मला खात्रीच वाटली की आता हा कुठं जात नाही.

डिझेलचा बोळा आणि दाभण घेऊन दादानं तो कान स्वच्छ केला. हळूहळू वल्हं मारत आम्ही डोहावर आलो. पडद्यावर तळ आला, सपाट, परातीसारखा. खोली सहा फूट.

"बिघडलंय," मी म्हणालो. "अजून डांबर असणार."

दादानं फळीखाली हात घातला आणि अण्णांची दोरी काढली. ती त्यानं बरोबर आणलेली मला माहीतच नव्हतं. वरवंटा सोडला. चार गाठी गेल्या. पाचवीपासूनच्या सगळ्या त्याच्या हातात कोरड्या राहिल्या. वरवंटा वर आला तो काळ्या गाळानं माखलेला. नदीवर खालच्या अंगाला बंधारा झाल्यापासून पाणी थांबलं होतं, आणि पाण्याबरोबर आलेली मातीही इथंच बसत गेली होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"जाळ्याला गाळ यायलाय दोन वर्षं. ठाऊक न्हाई कसं?" तो दोरी गुंडाळत म्हणाला. "मोजलं न्हवतं एवढंच. तू इतक्या हौसेनं आणलंस."

मशीन उत्तम चाललं. त्या हंगामात दादानं नदी वरखाली शोधली, मशीननं सगळीकडं खरं सांगितलं. पोळा झाल्यावर मी त्याला चुडाव्याच्या स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटेपर्यंत तो मला बाभळीच्या पट्टीचे बोल्ट कसे सैल होतात ते सांगत होता.

माय अजून दरवर्षी होडीला डांबर लावते. कानावर तेवढी प्लॅस्टिकची पिशवी बांधते. दादाला लागेल, म्हणते. ताडकळसच्या बाजारला मासे घेऊन जाणं तिनं सोडलं. बाजाराच्या दिवशी सकाळी ती अजूनही टोपली झटकते आणि परत ठेवते.

मी रविवारी मानवतहून येतो. पाऊसकाळ झाला की दादाचा फोन येतो आणि तो पहिलं विचारतो, "पाणी किती हाय?" त्याला फुटात सांगितलेलं चालत नाही. मग मी होडी काढतो. मला धड वल्हवता येत नाही, दोन फेऱ्या जागच्या जागी होतात. फोन कानाशी दाबून मी वरवंटा सोडतो.

गेल्या पुरानंतर मी चार गाठी मोजल्या आणि म्हणालो, "पाच."

पलीकडं कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. दादानं गेट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा.

"वरवंटा गाळात बसू दिला असशील," तो म्हणाला. "टेकला की लगेच मोजायचं. परत बघ."

मी परत सोडला. त्याच्यासमोर मला दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. "चार," मी म्हणालो.

"हं."

मला वाटलं तो फोन ठेवेल. त्यानं ठेवला नाही.

"वल्हं मारू नको जरा," तो म्हणाला. "पाण्याचा आवाज यायलाय. ऱ्हाऊ दे थोडा वेळ."

मी वल्हं आत घेतलं आणि फोन होडीच्या काठावर, पाण्याच्या बाजूला धरून बसलो.