भिंतीच्या पलीकडची प्लेट

ड्रिलचा बिट तीन-चार इंच नीट आत गेला आणि मग एकदम मोकळा झाला. मशीनसकट रफीक भिंतीवर आपटता आपटता राहिला. बिट बाहेर काढला तर त्याच्या टोकाला सिमेंट नव्हतं, दगडाची पूडही नव्हती. माती होती.

“मॅडम, अंदर मिट्टीच है,” रफीक म्हणाला. “उप्पर उप्पर पत्थर, अंदर कुछ नै.”

रफीक माझ्याकडचा सगळ्यात जुना फिटर. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्या दिवशी आम्ही शेळगीच्या जुन्या गावठाणात एक गेट बसवत होतो. दोन झडपांचं, एकेक झडप दीड क्विंटलच्या घरात. एक झडप नव्या आरसीसी पिलरवर बसली होती. दुसरी बसायची होती जुन्या दगडी भिंतीवर, आणि ती भिंत अशी निघाली.

जड झडप भिंतीला कसा त्रास देते ते सांगते. तिचं सगळं वजन बिजागऱ्यांवर येतं. खालची बिजागरी भिंतीत दाबली जाते, वरची भिंतीतून उपटली जाते. म्हणून खरी परीक्षा वरच्या बिजागरीच्या बोल्टांची. काँक्रीट असेल तर भोक पाडून त्यात केमिकल अँकर भरतात. हा एक प्रकारचा चिकट रस असतो, तो वाळला की बोल्ट दगडासारखा धरून ठेवतो. पण आपल्याकडच्या जुन्या दीड फुटी भिंती म्हणजे दोन बाजूंना घडीव काळा दगड आणि मधे माती आणि दगडाच्या कपऱ्यांची भर. त्यात केमिकल ओतलं की ते पोकळीत पसरतं आणि बोल्ट ढिला तो ढिलाच. झडप आज बसते, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी तिला लोंबकळलं की दगडासकट खाली येते.

मी काम थांबवलं आणि मालकांना बोलावलं. मल्लिनाथकाका, बँकेतून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगा-सून नोकरीला पुण्यात. अंगणात ढोरं शिरतात म्हणून गेट करायला घेतलेलं.

“काका, दोन उपाय आहेत,” मी म्हणाले. “एक, भिंतीला हातच लावायचा नाही. तिच्या शेजारी तुमच्या अंगणात खड्डा घेऊन लोखंडी खांब काँक्रीटमध्ये उभा करायचा. झडप खांबावर. दुसरा, भिंतीत आधी सिमेंटचं पातळ ग्राउट भरायचं, मग बोल्ट आरपार काढायचे. पलीकडच्या बाजूला मोठी प्लेट. म्हणजे दोन्हीकडचे दगड मिळून वजन धरतात.”

“पलीकडं म्हणजे सिद्धारामच्या अंगणात?”

“तुमच्या भावाच्या, हो.”

एवढं मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. भिंत सामाईक. पलीकडे धाकटा भाऊ राहतो, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं नाही. कारण मी विचारलं नाही. गेटच्या कामात त्याचा उपयोग नसतो.

काका भिंतीकडे बघत होते. “खांब लावला तर त्याच्याकडं जायची गरज नाही?”

“नाही. कामही लवकर होईल.”

“आणि बोल्ट लावले तर?”

“जावंच लागेल. त्याच्या बाजूला माणूस लागतो.”

“मग बोल्टच लावा.”

रफीकनं माझ्याकडे बघितलं. मी काकांना सांगितलं, खांब जास्त सोपा आहे, मी माझ्या घरी खांबच लावला असता. ते हो हो करत राहिले आणि मग ओट्यावर बसून मला म्हणाले, “सकाळी तो नळाखाली तोंड धुताना खाकरतो. तेवढ्यावरून मला कळतं, बरा आहे. मागच्या थंडीत एकदा काहीच आवाज आला नाही. मी शर्ट चढवून त्याच्या दुकानापर्यंत गेलो. शटर उघडं होतं. तो मोटारीत डोकं घालून बसला होता. तसाच परत आलो.”

“हाक मारायची ना.”

“काय म्हणून मारू? काही काम तर पाहिजे.”

काम आता त्यांच्यासमोर भोक पाडून ठेवलेलं होतं.

“तुम्ही जाऊन सांगा त्याला,” ते म्हणाले. “मी सांगितलं तर नाही म्हणायचा. तुम्हाला नाही म्हणणार नाही.”

निरोप पोचवणं माझ्या कामात बसत नाही. पण साइट अडली होती. मी नमुन्याची प्लेट आणि एक बोल्ट घेऊन पलीकडे गेले.

सिद्धाराम अंगणात पंख्याची मोटार उघडून बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी प्लेट हातात घेऊन उलटसुलट केली.

“खांब का न्हाय लावत? खड्डा मारायचा, खांब उभा करायचा. लई सोपं.”

“मी तेच सुचवलं होतं. त्यांनी बोल्ट निवडले.”

“दोन्ही सांगून?”

“दोन्ही सांगून.”

त्यांनी प्लेट मांडीवर ठेवली. बोल्टावर नट चढवला, उतरवला, परत चढवला. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

“बोल्टाचं डोकं प्लेटला वेल्ड करून आणता की न्हाय?” त्यांनी विचारलं.

“करतो. म्हणजे बोल्ट जागेवर फिरत नाही, नट पलीकडून एकट्यानं आवळता येतो. तुम्हाला त्रास नाही.”

“करू नका वेल्ड,” ते म्हणाले. “मी पाना लावून धरतो.”

भिंतीत ग्राउट भरून आम्ही आठवडाभर थांबलो. मग बोल्ट आरपार घातले. काका अलीकडे, हातात पाना. रफीकला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं. असलं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं, पान्याची पकड दोनदा निसटली. भिंत पुरुषभर उंच, त्यामुळे पलीकडच्या सिद्धारामांचं डोकंही दिसत नव्हतं.

अशा भिंतीत नट हळूहळू आवळायचा असतो. फार जोर लावला तर मधली भर दबते आणि समोरचा दगड सरकतो. म्हणून पलीकडच्या माणसानं एका हातानं पाना धरायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा दगडावर ठेवायचा. हलला की लगेच सांगायचं. हे मी दोघांना आधीच सांगितलं होतं.

काका पाना लावून उभे राहिले. बोलेनात. पलीकडूनही काही नाही. मी घड्याळ बघितलं. शेवटी काका घसा साफ करून म्हणाले, “हिडी.”

त्यांच्या घरात कन्नड बोलतात. हिडी म्हणजे धर. पलीकडून पाना लोखंडावर बसल्याचा आवाज आला.

“दगड हलतोय का?” काकांनी विचारलं.

“न्हाय. आवळ.”

“आता?”

“आवळ की. भितोस कशाला?”

“तुझ्या अंगावर येईल म्हणून भितो.”

“येतोय की न्हाय ते मी बघतोय.”

सगळे बोल्ट असेच झाले. शेवटच्याला काका जरा जास्तच जोर लावत होते, तेव्हा पलीकडून आवाज आला, “साकु, अण्णा. साकु.” पुरे, एवढाच अर्थ. काकांनी पाना लगेच काढला नाही. कपाळ भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मी रफीकला गाडीतून ग्रीस आणायला पाठवलं. ग्रीसचा डबा माझ्या पायाशीच होता.

नंतर झडप चढवली, लेव्हल बघितली. एका बोटानं फिरत होती. सिद्धाराम आले नाहीत, काकाही पलीकडे गेले नाहीत. आपापल्या घरात जेवायला गेले.

पावसाळा संपल्यावर मी चेकिंगला गेले. गेट जागेवर होतं, पण वरच्या बिजागरीखालच्या दगडाला केसासारखी चीर पडली होती. नट मी बसवताना केलेल्या खुणेच्या बरेच पुढे गेले होते.

“काका, नट कोणी आवळले?”

“आम्हीच. रविवारी आवळतो.”

“दर रविवारी?”

“ढिले पडतात की,” भिंतीपलीकडून आवाज आला.

“ढिले पडलेले नाहीत. दगड फुटायला आलाय. वर्षातून एकदा तपासलं तरी पुष्कळ झालं.”

काकांच्या चेहऱ्याकडे बघून मला कुणाचं औषध बंद केल्यासारखं वाटलं.

“वर्षातनं एकदा लई कमी हाय, मॅडम,” थोड्या वेळानं सिद्धाराम म्हणाले.

मी नट अर्धा आटा मागे घेतले, चिरेत एपॉक्सी भरलं आणि दोन्ही घरांतले पाने जप्त करून गाडीत टाकले. आता रविवारी ते काय करतात मला माहीत नाही. चीर वाढलेली नाही, एवढं काकांनी फोनवर कळवलं. मागून कुणीतरी खाकरत होतं.

तात्पर्य एवढंच. बोल्ट पुरेसा घट्ट झाला की पाना खाली ठेवायचा. त्यापुढचं काम बोल्टाकडून होत नाही.