काकांची विडी, माझा मोगरा

आमच्या सासऱ्यांना धाप कशाने लागते हे शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात तिखट नाक माझं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हा फुफ्फुसांचा जुनाट आजार, पुरता बरा होणारा नाही, पण अधूनमधून उसळतो आणि माणसाला दवाखान्यात नेतो, तेवढं टाळता येतं. कशानंतर त्रास वाढतो त्यावर लक्ष ठेवा आणि ती गोष्ट त्यांच्यापासून लांब करा, असं ते म्हणाले. धूळ, धूर, मिरचीचा ठसका, गार वारा, उग्र वास अशी नावंही त्यांनी घेतली. मी मान डोलावत होते. घर कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवायची गरज आहे, असं मला वाटत नव्हतं.

घरी येताच कंबर कसली. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. देवापुढची उदबत्ती बंद केली तेव्हा नवरा कुरकुरला, त्यालाही गप्प केलं. आमचं घर अंबडच्या रस्त्याला लागून, दिवसभर ट्रकची ये-जा, म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या त्या कायमच्याच. तरी धाप लागायची ती लागतच होती. मग माझी नजर काकांवर गेली.

काका म्हणजे बाबांचे, माझ्या सासऱ्यांचे, दोस्त. दोघांनी एकाच कारखान्यात, एकाच पाळीत नोकरी केली. काका मूळचे सायखेड्याचे, आता दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहतात. रोज सकाळी ते आमच्याकडे येत आणि दोघं लासलगावच्या कांद्याच्या भावावरून कडाकडा भांडत. विकायला कांदा दोघांकडेही नव्हता. तरी भाव पडला की काका चिडायचे, चढला की बाबा त्यांना डिवचायचे, आणि शेवटी दोघंही हसत सुटायचे. बाबा दाढी करायचे ती काका येणार म्हणून.

पण काका विडी ओढायचे. आमच्या घरात कधीच नाही. खाली गेटपाशी ओढून, विझवून, मग जिना चढायचे. वास मात्र सदऱ्याबरोबर वर यायचा. ते गेले रे गेले की मी बंद हॉलमध्ये मोगऱ्याच्या वासाचा स्प्रे मारायचे आणि फरशी कडक फिनाइलने पुसून काढायचे. आणि थोड्याच वेळात बाबांना धाप लागायची. काका समोर बसलेले असताना नाही, ते गेल्यावर. विडीचा धूर छातीत उतरायला वेळ घेत असेल, असं मी स्वतःलाच पटवलं. वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला कळायला दवाखाना गाठावा लागला.

एके दिवशी मी काकांना दारातच थांबवलं.

"काका, राग मानू नका. पण तुमच्या विडीचा बाबांना त्रास होतो. थोडे दिवस नका येऊ."

"मी तर खालीच वढून येतो ना, सूनबाई."

"कपड्यांना वास येतोच ना."

त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती माझ्याकडे दिली. "बरं. ऱ्हाऊ द्या मग," एवढंच म्हणाले आणि उतरले. त्यांची पाठ वळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

बाबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव मी करत होते, तर काकांनीच फोन केला. बाबा फोन स्पीकरवर लावतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "गुडघा लय दुखतोय रे," काका सांगत होते. "जिना चढवत नाय. बरा झाला का येतो." माझं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. भाजी चिरता चिरता मला स्वतःची लाज वाटली, पण ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

कारण बाबांची धाप खरंच कमी झाली. वास घालवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून स्प्रे कपाटात गेला आणि फरशी नुसत्या पाण्याने पुसली जाऊ लागली. हे माझ्या ध्यानातही आलं नाही. "बघ, सांगत नव्हते मी?" असं नवऱ्याला दोनदा ऐकवलं. बाबा दाढी करेनासे झाले होते. कांद्याचा भाव त्यांनी कुणालाच विचारला नाही.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका यायच्या म्हणून मी फिनाइलने घर घासून काढलं, स्प्रे कोपऱ्याकोपऱ्यात मारला. बाबा हॉलमध्येच खुर्चीवर बसले होते. बघता बघता ते पुढे वाकले, हात गुडघ्यांवर रोवले, खांदे वरखाली होऊ लागले. तोंडातून एक शब्द पुरा निघेना. श्वासाच्या औषधाचा पंप दिला तरी उतार पडेना. रिक्षात त्यांना धरून बसले तेव्हा माझ्या हातांना मोगऱ्याचा वास येत होता, आणि तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात त्या दिवशी विडी ओढणारं कुणीही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं. बंद खोलीत एवढे उग्र वास त्यांना पुरेसे आहेत, ते म्हणाले. विडीचा वासही अशा छातीला चांगला नाहीच, हेही म्हणाले. मी ते दुसरं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

बाबा घरी आल्यावर मी काकांकडे गेले. चूक तुमची नव्हती, माझी होती, असं सांगायचं ठरवूनच निघाले होते. दार त्यांनीच उघडलं.

"कसा हाय तो?" मी तोंड उघडायच्या आत ते बोलू लागले. "तुम्ही सांगितलं त्याच दिवशी सोडली मी विडी. तरी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. माझीच विडी बसली असल त्याच्या छातीत, इतक्या वर्षांची." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी म्हणाले, "घरी या ना, काका." बाकीचं तोंडातच राहिलं.

नवरा म्हणतो, आता कशाला उकरून काढतेस, त्यांची विडी सुटली ते बरंच झालं. सांगितलं तर पुन्हा ओढायला लागतील, असं मीही म्हणते. पण मी गप्प आहे ती त्यांच्या विडीसाठी नाही. मला त्यांच्यासमोर खोटं पडायचं नाही, एवढंच.

आता काका रोज येतात. सकाळी ट्रक कमी असतात तोवर खिडक्या उघड्या ठेवते, फरशी साध्या पाण्याने पुसते. पण काका चपला काढून थेट आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून दोन्ही बाह्या माझ्यापुढे धरतात. "आधी वास घ्या, सूनबाई." पहिल्या दिवशी वाटलं, टोमणा मारताहेत. टोमणा नव्हता. मी वाकून वास घेते. धुण्याच्या साबणाचा असतो, दुसरा कसलाच नाही. आतून बाबा ओरडतात, "अरे ये की, दारात काय करतोस?" काका त्यांना हातानेच थांब म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

"बसू का मग?"

"बसा, काका," मी म्हणते.