रायफल नेणार कोण?

मुलांनो, इथे दोहात, आमच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या इमारतीत एक नाशिककर गृहस्थ राहतात. वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामासाठी ते इथे आले आहेत. घर आणि बायको मात्र तिकडे कॅनडात, तुमच्याच अल्बर्टा प्रांतात. लिफ्टचं दार पायाने अडवून बोलायची त्यांना सवय आहे. लिफ्ट कुरकुरत राहते आणि हे बोलत राहतात. विषय एकच, घरी कपाटात ठेवलेली त्यांची नेमबाजीची रायफल, जिच्यावर आता बंदी आली आहे.

"काकू, बंदी घातली ओटावाच्या केंद्र सरकारने. प्रांत म्हणतो, जप्तीला आमचे पोलीस देणार नाही. आमच्या गावातले पोलीस तर केंद्राचेच, पण प्रांताने कामाला ठेवलेले. मग नेणार कोण? खलास."

"पण कोणी आलंच, तर दार तुमची बायकोच उघडणार ना?" मी विचारलं.

त्यांनी पाय काढून घेतला आणि दार मिटलं.

दुसऱ्या दिवशी ते जिन्यात फोनवर बायकोशी हळू आवाजात बोलत होते. "अगं, कुठलेही पोलीस आले तरी सरळ कपाट दाखव. वाद घालू नकोस. एकटी आहेस तू."

मी दिसताच त्यांनी आवाज चढवला, "आणि पावतीवर लिहून घे, नक्की कोणाचे पोलीस ते."